सरळ काढलेलं मडकं

जानेवारी लागला की पनवेलमध्ये आठवणींना ऊत येतो. थंडी म्हणाल तर तिला थंडी म्हणायची लाज वाटावी एवढीच; सकाळी आठपर्यंत अंगात असलेला स्वेटर नऊ वाजता कमरेला येतो. पण तेवढ्या गारव्यावरही माणसं हळवी होतात. बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग लागतात, त्यांच्या शेजारी भांबुर्डीच्या रानटी पाल्याच्या जुड्या येऊन बसतात, आणि तो उग्र हिरवा वास नाकात शिरला की ज्याने जन्मात शेताचा बांध तुडवला नाही तो गृहस्थसुद्धा ‘काय ती आमच्या वेळची पोपटी’ म्हणून सुस्कारा सोडतो. त्याची वेळ गेलेली असते गिरगावात, नाहीतर पुण्यात. पोपटी हा शब्द त्याने इथे फ्लॅट घेतल्यावर ऐकला. पण आठवणीचं एक बरं असतं, ती स्वतःचीच असली पाहिजे असा कुणी आग्रह धरत नाही.

ज्यांना पोपटी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भात कापून झालं की शेतात उरलेल्या ओलीवर वाल लावतात. थंडीत शेंगा भरल्या की मातीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, खडेमीठ, ओवा, जमलं तर अंडी नि कोंबडी असं ठासून भरायचं, तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं जमिनीवर उलटं मांडायचं आणि त्याच्या भोवतीने, वरून पेंढा नि लाकूडफाटा रचून पेटवून द्यायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगा आपल्याच ओलाव्यात शिजतात. तोंड जमिनीला दाबलेलं, त्यामुळे वाफ कुठे जात नाही. मडकं उलटं, एवढीच त्यातली अक्कल. ती अक्कल मी एका पुस्तकातून पुसून टाकली, आणि दर जानेवारीला तो पाला बाजारात आला की मला ते आठवतं.

मी चित्रकलेचा मास्तर. इथल्या एका शाळेत वर्षानुवर्षं दोन डोंगर, मधे सूर्य आणि खाली झोपडी काढणारी मुलं सुधारायचा प्रयत्न केला. मुलं सुधारली नाहीत, मीच बिघडलो. दोन हजार नऊच्या हिवाळ्यात खारघरच्या एका टॉवरमधलं वाचन मंडळ माझ्याकडे आलं. त्यांना पुस्तक काढायचं होतं. आठवणींचं चित्रपुस्तक, सर्व वयोगटांसाठी. सर्व वयोगटांसाठी! ही पाटी मी तोवर जत्रेतल्या पाळण्यावर आणि पोट साफ करणाऱ्या चूर्णाच्या डबीवर पाहिली होती. जे सगळ्यांना चालतं ती बहुतेक वेळा आजाऱ्याची पेज असते. हे मी तेव्हा बोललो नाही. हो म्हणालो.

मंडळाच्या प्रमुख मंजिरीताई. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या, अंगावर कायम हातमागाची साडी, आणि आवाज इतका मऊ की समोरच्याला आपण उगाच ओरडतोय असं वाटावं. ‘सर, आठवणी म्हणजे ठेवा हो,’ त्या म्हणाल्या. ‘नव्या पिढीच्या हातात हा ठेवा द्यायला हवा.’ नवी पिढी तेव्हा आतल्या खोलीत कार्टून बघत होती आणि आवाज कमी कर म्हटलं तर ऐकत नव्हती.

रहिवाशांनी लिहून दिलेल्या आठवणींची एक वही त्यांनी माझ्या हातात ठेवली. घरी येऊन वाचली आणि मला कळेना की ही इतकी माणसं एकाच घरात वाढली की काय. सगळ्यांच्या अंगणात एकच आंबा, सगळ्यांच्या ओट्यावर एकच कंदील. सगळ्यांची आई पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची आणि एकाही आईने कुणाला कधी धपाटा घातला नव्हता. एका गृहस्थांनी, नाव घेत नाही, आपण बैलगाडीतून शाळेत जायचो असं लिहिलं होतं. मी त्यांना ओळखतो. ते परळच्या चाळीत वाढले आणि त्यांची शाळा समोरच्या गल्लीत होती. भेटल्यावर विचारलं, तर जराही न लाजता म्हणाले, ‘अहो मास्तर, त्याने फील येतो.’

मंजिरीताईंनाही काहीतरी कमी वाटत होतं. ‘इथली, या मातीतली एखादी आठवण हवी,’ त्या म्हणाल्या. ‘ऑथेंटिक.’ ही त्या टॉवरची जुनी सवय. अस्सल वस्तू गाववाल्यांकडून आणायची. तांदूळ त्यांच्याकडचा, कडवे वाल त्यांच्याकडचे, सुकट त्यांच्याकडची, आता आठवणही त्यांच्याकडची. मी मुकाट्याने जनाकाकूकडे गेलो.

जनाकाकू बाजारात शेंगा विकायची. साठीची, काटक, जिभेला धार अशी की भाव पाडून मागणारं गिऱ्हाईक पुन्हा त्या रांगेत दिसायचं नाही. तिच्या सासरचं शेत न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यात आणि त्याच्या कडेच्या यार्डात गेलं होतं. जिथे तिने वाल लावले तिथे कंटेनर एकावर एक चढवून ठेवलेले असत. आता ती दुसऱ्यांच्या शेतातल्या शेंगा विकत होती. दुपारी बाजार रिकामा झाल्यावर मी तिच्या गोणपाटासमोर बसलो आणि पोपटीची एखादी आठवण सांगा म्हणालो.

‘माजा माहेर उरनकडचा,’ तिने सुरुवात केली. ‘आमच्याकडं मिठागरं. वाल कुटला? लगीन होऊन आली नि पयल्याच थंडीला हितं शेतान पोपटी लावली. सासू बोलली, भर गो मडका. मी भरला. नि मी लय शानी! चुलीवर ठेवतात तसा सरल मांडला नि वरना तांब्याभर पानी वतला.’

‘मग?’

‘मंग काय, सगला शेत हसला. दीर हसलं, जावा हसल्या. माना वाटला, आता मार पडतो. माजी सासू लय कडक. लगीन झाल्यापासना माज्याशी धड बोलली नव्हती. ती पन हसाला लागली. अशी हसली, अशी हसली का डोल्यांतना पानी. मंग माज्यापाशी आली. पानी वतून दिला, पाला परत कोंबला, माजं हात धरलं नि माज्याच हातांनी मडका उलटा केला. बोलली, तोंड भुईला लावाचा नि आगीला भ्याचा नाय.’

काकूने शेजारचा पितळी तांब्या उचलला, गोणपाटावर पालथा मांडला आणि त्याच्यावर आपले दोन्ही हात ठेवले. त्या हातांवर आणखी दोन हात असावेत तशी ती बघत होती. ‘त्या दिसापासना मी तिची झाली,’ ती म्हणाली. ‘तिचा फोटू नाय, काय नाय. येवढाच हाय माज्याकडं.’

मग ती कामाचं बोलली. ‘माजी नात हाय ना, प्राची, खारघरला, माज्या लेकाची. तिला शेत म्हाईत नाय, माजी सासू म्हाईत नाय. तू पुस्तकान काढ, म्हंजे तिला दिसंल. फकस्त मडका उलटा काढ हां मास्तर. सरल काढलास तं समदी गोस्ट फुकट.’

‘उलटंच काढतो, काकू. शब्द देतो,’ मी म्हणालो. तिने मला मूठभर शेंगा फुकट दिल्या. तिच्याकडून अशी सूट मिळालेला माणूस त्या बाजारात दुसरा नसेल.

आणि मी काढलंही होतं. आयुष्यात एक चित्र बरं जमलं असेल तर ते. कापलेलं शेत, पेंढ्याचा ढीग, पालथं मडकं, त्यावर चार हात, दोन कोवळे, दोन राकट. आणि सासूचं तोंड हसून इतकं वाकडं झालेलं की ती सुंदर दिसत होती. मागे दीर-जावा पोट धरून हसताहेत. ते काढताना मी आठ दिवस शाळेत कुणावर चिडलो नाही, इतका खूश होतो.

मंजिरीताईंच्या दिवाणखान्यात पाच जणांची समिती चित्रं बघायला बसली. बाकरवडी होती, चहा होता. ‘सुंदर!’ ताई म्हणाल्या. ‘फक्त मडकं उलटं झालंय.’

‘उलटंच असतं.’

‘असेलही, सर. पण आपलं पुस्तक सर्व वयोगटांसाठी आहे ना. लहान मुलांना वाटेल, सांडलं. आणि ज्येष्ठांना...’ त्यांनी तो मऊ आवाज आणखी मऊ केला. ‘मडकं, जाळ, भोवती जमलेली माणसं. तुम्हाला कळतंय ना, त्यांच्या मनात काय येईल?’

बैलगाडीवाले परळकर पुढे सरकले. ‘शिवाय वाफ कुठाय? मडक्याच्या तोंडातून अशी वाफ निघाली पाहिजे. त्याशिवाय फील येत नाही.’

‘आणि सगळे जण नव्या सुनेला हसतायत, हेही बरं दिसत नाही,’ ताई म्हणाल्या. ‘सासूने प्रेमाने शिकवलं, एवढंच ठेवू. पॉझिटिव्ह.’

मी भांडायला हवं होतं. ज्यांना पोपटी आणि स्मशान यांतला फरक कळत नाही त्यांनी आठवणींचं पुस्तक काढू नये, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते ओठावर होतं. पण पहिल्या पानावर ‘चित्रकार’ म्हणून माझं नाव येणार होतं, ठळक अक्षरांत. चाळिशी उलटली तरी माझं नाव शाळेच्या फळ्यापलीकडे कुठे लिहिलं गेलं नव्हतं. मी बाकरवडी संपवली आणि ‘बघतो’ म्हणालो. ‘बघतो’ म्हणणाऱ्या माणसाने काय बघायचं ते तेव्हाच ठरवलेलं असतं.

एका संध्याकाळचं काम. पहिलं चित्र कपाटात ठेवलं आणि दुसऱ्या कागदावर नवं काढलं. मडकं सरळ केलं, तोंडातून वाफ काढली, दीर-जावा गाळून तिथे झाड लावलं. सासूचे हात काढून घेतले आणि तिला बाजूला उभी केली, तेलाच्या जाहिरातीतल्या सासूसारखी, मंद हसत. सून मडक्याकडे कौतुकाने बघते आहे. समितीला ते इतकं आवडलं की मुखपृष्ठावर घेऊ म्हणाले.

छपाई जुन्या बाजारातल्या रशीदभाईंकडे होती. रशीदभाई इथलेच, कोकणी मुसलमान. वडिलांचं शेत आपट्याकडे. नमुना छाप हातात घेऊन त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. ‘मास्तर, ही पोपटी आहे की वलीम्याच्या दावतीची डेग?’

‘पोपटीच आहे.’

‘खुदा कसम, मी अब्बांच्या शेतातली पोपटी खाऊन मोठा झालो. अशी सीधी नाही पाहिली कधी.’

‘समितीने ठरवलंय.’

‘समितीने कधी खाल्ली का?’ त्यांनी छाप टेबलावर ठेवला. ‘हे बघा, अजून मशीनवर चढवलं नाही. जे असली चित्र असेल ते घेऊन या. दोन दिवस थांबतो मी, कोणाला काही सांगत नाही.’

खरं चित्र घरी कपाटात होतं, दहा मिनिटांच्या वाटेवर. मी म्हणालो, नको, प्रकाशनाची तारीख ठरली आहे. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि दुसऱ्याच कुणाच्या लग्नपत्रिकेकडे वळले.

प्रकाशनाला काकू नवं लुगडं नेसून आली होती. पाच वर्षांची प्राची तिचं बोट धरून. पाहुण्यांनी आठवणींच्या मोलावर भाषण ठोकलं. त्यांचं आणि आठवणींचं नातं असं की ते आपला चष्मा गाडीतच विसरून आले होते. नंतर काकूच्या हातात पुस्तक दिलं. तिला वाचता येत नव्हतं. पदराला हात पुसून ती बोटाने चित्रं बघू लागली.

‘ही मी?’

‘हो, काकू.’

‘ही सासू?’

‘हो.’

बोट मडक्यावर आलं आणि थांबलं. ‘सरल हाय,’ ती म्हणाली.

‘मुलांना कळावं म्हणून, काकू,’ मी म्हणालो. स्वतःच्या तोंडून इतकं हलकट वाक्य मी पूर्वी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता ही मला शिव्या घालणार. अख्खा बाजार जिच्या तोंडाला भितो ती माझी सालटी काढणार, भर सभेत, आणि ती काढावीत असं मला मनापासून वाटत होतं. पण तेवढ्यात प्राचीने पुस्तक ओढून घेतलं, छातीशी धरलं आणि जो भेटेल त्याला सांगत सुटली, ‘माझी आजी पुस्तकात आहे! ही बघा माझी आजी!’ काकू तिच्याकडे बघत राहिली. ‘हां,’ ती मला म्हणाली, ‘पोरांना कलाला पायजे.’

चित्रामुळे आठवण जपली जाते असं म्हणतात. म्हणोत. माझा अनुभव भटाला दिली ओसरी तसा आहे. चित्र आधी नम्रपणे आठवणीच्या बाजूला बसतं, मग पाय पसरतं, आणि एक दिवस घरमालक कोण हे विचारायलाही कुणी उरत नाही. चांगलं चित्र असेल तर निदान ती ओसरी बरी दिसते. माझं चांगलं नव्हतं, सर्वांना आवडेल असं होतं. तसली चित्रं लवकर पाय पसरतात.

पुस्तक खपलं. शाळांत वाचलं गेलं. थंडी आली की लोक त्यातलं पान मोबाईलवर एकमेकांना पाठवू लागले, खाली ‘गेले ते दिवस’. कुणाचे गेले? जिचे गेले ती दुपारी बाजारात शेंगा निवडत बसलेली असे. मग टॉवरमध्ये पोपटी महोत्सव सुरू झाला. केटरर येऊ लागला. शेंगा तो अॅल्युमिनियमच्या पातेल्यात पाणी घालून शिजवतो आणि समोर शोभेला मातीची मडकी मांडतो, सरळ, चित्राबरहुकूम. आत अगरबत्त्या पेटवून ठेवतो, म्हणजे तोंडातून वाफेसारखा धूर निघतो. लोक त्या मडक्यांशेजारी उभे राहून फोटो काढतात. सोळा वर्षांच्या मिठागरवालीने एकदा केलेली चूक आता दरवर्षी सोहळा म्हणून होते, आणि हसायला एकही सासू नसते. पहिल्या वर्षी मी गेलो आणि त्या उकडलेल्या शेंगा तोंडात घेऊन सगळ्यांबरोबर ‘वा, काय चव!’ म्हणालो. नंतर जायचं टाळलं.

परवाच्या जानेवारीत गेलो, कारण काकूचा सत्कार होता. ऊन कलायला लागलं होतं. मागे भला मोठा फ्लेक्स, त्यावर माझं चित्र, मडकं माणसाएवढं. काकू आता फार वाकली आहे, बाजारात बसणं सुटलं आहे. मंजिरीताईंनी तिच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला. मग प्राचीने माइक घेतला. तेरा-चौदा वर्षांची, चुणचुणीत, कागद न बघता बोलणारी. ‘माझी आजी लग्न होऊन आली तेव्हा तिला पोपटी येत नव्हती,’ ती म्हणाली. ‘तेव्हा तिच्या सासूने तिला प्रेमाने शिकवलं की मडकं असं सरळ ठेवायचं, म्हणजे वाफ वर जाते आणि शेंगा छान शिजतात.’ टाळ्या झाल्या. परळकरांनी डोळे टिपले. त्या मुलीचा मला राग आला नाही. तिला जे दिलं ते ती जिवापाड सांभाळत होती.

मी काकूशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसलो. जी गोष्ट प्रकाशनाच्या दिवशी बोलायला हवी होती ती बोललो. ‘काकू, माझं चुकलं. मी शब्द मोडला. मडकं उलटं काढायला हवं होतं. तुम्ही सरळ ठेवलंत आणि सासूबाई हसल्या, तेच काढायला हवं होतं.’

ती फ्लेक्सकडे बघत होती. ‘सासू हसली हुती?’

‘तुम्हीच सांगितलंत. सगळं शेत हसलं, आणि त्याही हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तुमचे हात धरले.’

‘नाय रं,’ काकू म्हणाली. ‘ती कडक बाय. ती कशाला हसंल?’

 काकूच मग सावकाश सांगू लागली. ‘पयलं पयलं मी पोरीला उलटाच सांगाची. ती रडाची. बोलाची, आजी, पुस्तकान असा नाय, तू खोटा सांगतेस. मंग मी पन सरल सांगाला लागली. येवढी वरसं तेच सांगली. आता डोलं मिटलं का तुजाच चितर दिसता. सासू बाजूला उभी, नि मडक्यातना वाफ.’

 एकच दिवस होता तिच्याकडे, त्या बाईने हात धरल्याचा. तो मी माझ्या नावाच्या ठळक अक्षरांसाठी घेतला होता, आणि परत द्यायला आता जागाच उरली नव्हती. घरच्या कपाटातलं ते जुनं चित्र आणून दाखवलं असतं तरी तिने विचारलं असतं, ही हसणारी बाई कोण.

काकूने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. चेहऱ्यावर खरंखुरं समाधान होतं.

‘बरा झाला तू काढून ठेवलास, मास्तर,’ ती म्हणाली. ‘नायतं मी पार इसरली असती.’